तळघरातली शिल्लक

वीणा दिघे मूळची अकोल्याची. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. मे महिन्यात जिथे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, कूलरच्या ताट्यांवर पाणी मारता मारता बायकांची सुट्टी संपते आणि घरातला उकाडा बाहेर काढायला माणसं पैसे मोजतात, त्या गावची ही मुलगी. अमेरिकेत आल्यावर तिला कळलं की इथे उकाडा विकत घ्यावा लागतो. टँकर येतो, भिंतीतल्या तोंडाला नळी लावतो, तळघरातल्या टाकीत तेल ओततो आणि दाराला बिल अडकवून निघून जातो. पहिलं बिल हातात आलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली होती, "गरमीचे पैसे? आमच्याकडे फुकट देतो म्हटलं तरी कोणी घेतलं नसतं."

न्यू जर्सीत पार्सिपनीतलं मोरेश्वर काकांचं हे घर त्यांनी भाड्याने घेतलं त्याला आठ वर्षं झाली. गल्लीतल्या निम्म्या घरांत गॅस आला होता, काकांच्या घरात मात्र घर तापवायला अजून तेलाची भट्टी होती. आठ वर्षं वीणाने भिंतीवरचा थर्मोस्टॅट बासष्ट फॅरनहाइटवर ठेवला. बासष्ट म्हणजे सतरा सेल्सियसच्या आत, अंगात स्वेटर असेल तर चालतं आणि नसेल तर नाक गार पडतं. तिचा नवरा शैलेंद्र, एका मोठ्या कंपनीत चांगला मॅनेजर माणूस, रात्री माकडटोपी घालून जेवायला बसायचा. कोणी कुरकुर केलीच तर वीणाचं वाक्य ठरलेलं असे, "घरात स्वेटर घालायला काय झालं?" मग सगळे आपापले स्वेटर शोधायला लागत.

पैसे नव्हते असं नाही. पैसे होते. पण ऑगस्टमध्ये तेलाचा भाव उतरला की टाकी भरून ठेवायची आणि मार्चमध्ये ती शक्य तितकी भरलेली दिसली पाहिजे, यात वीणाला जो आनंद मिळायचा तो दागिन्यांतही मिळत नसे. या आनंदाला एक साक्षीदारही होता. मोरेश्वर काकांचं मागे एका भाडेकरूशी उरलेल्या तेलावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. तेव्हापासून काकांनी रीत पाडली होती. दर मार्चला ते स्वतः यायचे, टाकीचं झाकण काढून लाकडी काठी आत सोडायचे, काठी जिथवर ओली होईल तितक्या उंचीवर शेजारच्या भिंतीवर काळ्या मार्करने रेघ मारायचे आणि पुढे साल घालायचे. खाली भाडेकरूची सही. घर सोडताना जी रेघ येईल तेवढ्या तेलाचे पैसे नव्या भाडेकरूने जुन्याला त्या दिवसाच्या भावाने द्यायचे. भिंतीवर वीणाच्या सात सह्या होत्या, आणि प्रत्येक सही करताना काका म्हणायचे, "वीणा, तुझ्यासारखी भाडेकरू पाहिली नाही बघ." ते ऐकायला ती वर्षभर थांबायची.

यंदा जानेवारीत थंडीची मोठी लाट येणार असं ऐकून तिने टाकी काठोकाठ भरून घेतली. फेब्रुवारीत शैलेंद्रला दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये नोकरी मिळाली. तो लगेच रुजू झाला, मागचं आवरायचं वीणावर आलं. मार्चच्या चौथ्या रविवारी ट्रक ठरला. इथवर सगळं ठीक होतं. मग काकांनी फोन करून सांगितलं की घराला भाडेकरू मिळाला, शोधावंही लागलं नाही. स्वानंदी आणि तिचा नवरा ईशान येणार.

वीणाने फोन ओट्यावर आदळला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

ही स्वानंदी पाच वर्षांपूर्वी पुण्याहून आली, तेव्हा तिला पहिला कुकर वीणानेच दिला होता. आयसेलिनच्या देशी बाजारात कुठल्या दुकानात ताजी भाजी कोणत्या वारी येते, हेही वीणानेच दाखवलं होतं. गोड मुलगी, कामाला वाघ, मोठ्यांना मान देणारी. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि वीणाला तेच जास्त खुपायचं. कारण तिची एकुलती एक मुलगी रुही, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, गणित विचारायला म्हणून स्वानंदीच्या अपार्टमेंटमध्ये गेली आणि तिथलीच झाली. शाळा सुटली की स्वानंदीताई. सुट्टी लागली की स्वानंदीताई. घरी यायची, जॅकेटसुद्धा न काढता दोन घास खायची आणि निघायची. "आई, मी ताईकडे स्टडी करते."

कॉलेजात प्रवेश मिळाल्याची बातमी रुहीने आधी स्वानंदीला सांगितली. हे वीणाला कळलं ते एका वाढदिवसाला, चारचौघांत, आणि तिला हसत म्हणावं लागलं, "हो ना, आम्हालाही केवढा आनंद झाला." एकदा स्वानंदीच्या फोनमध्ये तिने फोटो पाहिला. जानेवारीचा महिना, बाहेर बर्फ, आणि रुही स्वानंदीच्या सोफ्यावर अर्ध्या चड्डीत, अनवाणी, हातपाय पसरून गाढ झोपलेली. लहानपणी अकोल्याला आजीकडे झोपायची तशी. वीणाने फोन परत दिला आणि घरी येऊन भांडी इतक्या जोरात घासली की एका कढईचा कान निघाला.

त्या बाईकडे असं आहे तरी काय, याचा तिने पाच वर्षं शोध घेतला. पोरगी पास्ता खाते म्हणावं, तर वीणाने पास्ता शिकून घेतला. सोफ्यावर मऊ उशा आहेत म्हणावं, तर तिने ऐंशी डॉलरच्या दोन उशा आणल्या, ज्यांची पावती तिने शैलेंद्रला दाखवली नाही. व्हॅनिलाच्या वासाची मेणबत्तीही आणून लावली. रुही आली, "नाइस कँडल, आई," म्हणाली, जॅकेटची चेन वर ओढली आणि स्वानंदीकडे गेली. वीणाने मेणबत्ती विझवली. आपल्या पोटच्या पोरीला आपण नकोसे आहोत, हे तिने त्या दिवशी मनाशी धरलं आणि त्याचा सगळा दोष स्वानंदीच्या माथी मारला.

आणि आता तीच स्वानंदी या घरात येणार. रुहीचं कॉलेज न्यू ब्रन्सविकला, म्हणजे पोरगी न्यू जर्सीतच राहणार. आईवडील चार तासांवर आणि ताई हाकेच्या अंतरावर. दर शनिवार-रविवार ती कुठे जाणार ते सांगायला कोणा ज्योतिषाची गरज नव्हती. वीणाच्या घरात, वीणाच्या स्वयंपाकघरात, रुहीच्या स्वतःच्या खोलीत स्वानंदी तिला ठेवून घेणार. एवढं पुरेसं नव्हतं म्हणून खाली पाऊण टाकी तेल. वीणाने कुडकुडत वाचवलेलं. त्याच्या उबेत त्या दोघी सोफ्यावर लोळणार.

पैसे मिळणारच होते. स्वानंदीने तर आधीच मेसेज केला होता, "वीणाताई, काका म्हणतील तेवढा चेक देते, डोन्ट वरी." त्या मेसेजनेच वीणाचं डोकं फिरलं. तिला पैसे नको होते. ते तेल तिला स्वानंदीला द्यायचं नव्हतं, बस.

दहा मार्चला सकाळी ती थर्मोस्टॅटपुढे उभी राहिली आणि बासष्टचा काटा तिने अठ्ठ्याहत्तरवर नेला. आठ वर्षांची सवय मोडली. खाली भट्टी धडधडत सुरू झाली. एरवी ती पाच मिनिटं चालायची आणि गप्प व्हायची. आता थांबेचना. वीणाने वर स्वयंपाकघराची खिडकीही वीतभर उघडून ठेवली. "एक थेंब ठेवणार नाही," ती मोठ्याने म्हणाली. घरात कोणी नव्हतं.

दुपारपर्यंत तिने स्वेटर काढला. संध्याकाळी मोजे. दुसऱ्या दिवशी ती अकोल्याचा सुती गाऊन घालून खोकी बांधत होती आणि कपाळावर घाम होता. दर दोन तासांनी खाली जाऊन ती टाकीवरचा तरंगता काटा बघून यायची. काटा काही केल्या उतरत नव्हता. इतकी वर्षं तो उतरू नये म्हणून जीव टाकला, आता उतरावा म्हणून टाकत होती, आणि टाकी दोन्ही वेळा आपल्याच मर्जीने वागत होती. फोनवर शैलेंद्रने विचारलं, "आवाज कसला येतोय?" ती म्हणाली, "डिशवॉशर."

चौदा तारखेला रुही स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीसाठी आली. मैत्रिणीने दारात सोडलं. आत पाऊल टाकलं आणि ती पायपुसण्यावरच थबकली. "आई? हीट बिघडलीय का?"

"हो, थर्मोस्टॅट बिघडलाय," वीणा म्हणाली. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. "आता आठ दिवसांसाठी कशाला दुरुस्त करायचा?"

रुहीने हूं केलं. मग तिने जॅकेट काढलं. मग आतला हुडी काढला. मग सोफ्यावर बसून एकेक मोजा ओढून काढला आणि पायाची बोटं कार्पेटवर पसरून मागे रेलली. वीणा खोक्यावर चिकटपट्टी लावता लावता थांबली. त्या घरात रुहीचे उघडे पाय तिने कितीतरी वर्षांनी पाहिले होते. डाव्या घोट्यावर तिने एक छोटंसं फूल गोंदवून घेतलेलं तिला तेव्हा कळलं. एरवी आरडाओरडा केला असता. त्या दिवशी ती फक्त म्हणाली, "दुखलं नाही का गं?"

त्या दिवशी रुही स्वानंदीकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कार्पेटवर पालथी पडून ती जुन्या वह्या चाळायची, आईला कॉलेजच्या गमती सांगायची, आईच्या मांडीवर डोकं ठेवून डुलकी काढायची. झोपायलाही दिवाणखान्यातच. "वर माझी रूम अजून गारच आहे," म्हणाली आणि तिथेच पांघरूण आणलं. तेही रात्रीत लाथाडून दिलं.

वीणाला जग जिंकल्यासारखं वाटत होतं. शेवटी आई ती आई. घर सुटायची वेळ आली तसं पोरीला कळलं आपलं कोण ते. बुधवारी स्वानंदीचा फोन आला, "रुही आलीय ना? जेवायला पाठवा की." वीणा गोड आवाजात म्हणाली, "अगं, ती आईला सोडायलाच तयार नाही. काय करू सांग." फोन ठेवल्यावर तिने पुन्हा पास्ता केला आणि दोघींनी तो भांड्यातूनच खाल्ला. इतका साधा आनंद तिला पाच वर्षांत झाला नव्हता.

शनिवारी, ट्रक यायच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला मोरेश्वर काका काठी घेऊन आले. मागोमाग स्वानंदी, हातात चेकबुक आणि रुहीसाठी केकचा डबा. वीणाने काकांना आत घेतलं, स्वानंदीला "ये" म्हणाली आणि रुहीला वर थांब सांगायला विसरली. चौघंही तळघरात उतरली.

रुही त्या कोपऱ्यात कधी आली नव्हती. वॉशिंग मशीन जिन्यापाशी होतं, त्यापलीकडे तिचं काही काम नव्हतं. काकांनी झाकण फिरवून काढलं, काठी आत सोडली, वर ओढली, दिव्याखाली धरली. "अर्ध्याला जरा कमी. अरेच्चा! यंदा कमी कसं, वीणा? तुझ्या हिशेबात बसत नाही हे." मग ते स्वानंदीकडे वळले. "तुला सांगतो, ही बाई म्हणजे आदर्श आहे. लोक हिवाळ्यात तीन तीन टाक्या जाळतात. हिचं बघ." त्यांनी भिंतीवरून काठी फिरवली. "एकोणीस साल, पाऊण. वीस, पाऊणला जरा जास्त. एकवीस, बावीस... एकदाही अर्ध्याखाली नाही. मार्च संपत आला तरी एवढं तेल शिल्लक! सगळ्यांखाली हिची सही आहे."

एरवी वीणा हे ऐकून फुलली असती. आज तिचं लक्ष रुहीकडे होतं. रुही भिंतीजवळ गेली होती आणि एकेका रेघेवर बोट ठेवत होती. बोट एकवीसवर थांबलं.

"त्या वर्षी मी ग्लव्ह्ज घालून होमवर्क करायचे," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही.

"अगं, तेव्हा थंडीच फार होती," वीणा म्हणाली.

"आणि एवढं तेल होतं?" रुहीने रेघेपासून टाकीच्या तळापर्यंत हात खाली नेला. "हे सगळं, आई? दर वर्षी?"

"शिल्लक ठेवावी लागते, बाळा. अडीअडचणीला."

रुही वळली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि तेच वीणाला सोसलं नाही. "मला वाटायचं आपल्याला परवडत नाही," रुही म्हणाली. "आय थॉट वी वर पुअर, आई. बाबा टोपी घालून जेवायचे ना, मला वाटायचं त्यांचा जॉब नीट चालत नाहीये आणि तुम्ही मला सांगत नाही. म्हणून मी कधीच बोलले नाही. तुला वाईट वाटेल म्हणून. आणि मग ताईकडे जायचे."

स्वानंदी चेकबुकाकडे बघत होती.

"ताईकडे... गणितासाठी ना?" वीणाने विचारलं. तिला उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

"नाही गं. ताई छान आहे, बट... इट वॉज जस्ट वॉर्म, आई. तिथे ऊब होती. मला झोप यायची तिथे."

स्वानंदी ओशाळून म्हणाली, "वीणाताई, आमच्या अपार्टमेंटमध्ये हीटर भाड्यातच धरलेला असतो. आम्हाला तर तो बंदही करता येत नाही, म्हणून खिडकी उघडी ठेवतो आम्ही."

पाच वर्षं वीणाने या मुलीचा हेवा केला होता. तिच्या बोलण्याचा, तिच्या पास्त्याचा, तिच्या उशांचा. आणि तिच्याकडे होतं काय, तर भाड्यात धरलेला हीटर. वीणाला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी तिने एका हाताने टाकीचा आधार घेतला. ते लोखंड गार होतं. पोरगी हिरावून नेली म्हणून जिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तिने काहीच नेलं नव्हतं. पोरगी वीणानेच घालवली होती, दर वर्षी थोडी थोडी, आणि वर सही केली होती.

काकांना काही समजलं, काही नाही. त्यांनी आठवी रेघ मारली, दोन हजार सव्वीस घातलं आणि मार्कर पुढे केला. "हं, कर सही." वीणाने सही केली. अक्षर वाकडं आलं.

"किती झाले काका?" स्वानंदीने पेन उघडलं.

"चेक नको," वीणा म्हणाली.

"असं कसं, ताई? नियम आहे ना..."

"नको म्हणते ना." आवाज चढला तसा तिने तो उतरवला. "मी ते संपवायलाच निघाले होते, स्वानंदी. तुला मिळू नये म्हणून. थर्मोस्टॅट बिघडला नव्हता. दहा दिवस खिडकी उघडी टाकून जाळलं, तरी संपलं नाही." तिने मार्कर काकांना परत दिला. "तू बहात्तरवर ठेव. ही येईल तेव्हा तरी ठेव."

स्वानंदीने चेकबुक मिटलं. "ठेवीन," एवढंच म्हणाली. ती पोरगी अजूनही चांगलीच वागत होती आणि वीणाला ते अजूनही थोडं खुपत होतं. पाच वर्षांची सवय एका सकाळी जात नाही.

काका आणि स्वानंदी वर जाऊन किल्ल्यांचं बोलायला लागले. वीणाने स्वयंपाकघरातल्या शेवटच्या उघड्या खोक्यातून एक चमचा काढला आणि ती जिना चढून रुहीच्या खोलीत गेली. खोली रिकामी होती, पलंगाचे भाग सुटे करून भिंतीला टेकवलेले. घरभर उकाडा होता आणि इथे मात्र हवा गार. खिडकीखाली जमिनीत गरम हवेची लोखंडी जाळी होती. तिच्या कडेला बोटभर लांबीची एक कळ होती. ही खोली दक्षिणेची, दुपारी ऊन येतं, हिला वेगळी गरमी कशाला, म्हणून राहायला आल्याच्या आठवड्यातच वीणाने ती कळ फिरवून जाळी बंद केली होती. नंतर काकांच्या रंगाऱ्याने त्यावर रंग मारला. रुही तेव्हा बारा वर्षांची होती.

वीणा गुडघ्यांवर बसली. चमच्याच्या दांड्याने तिने रंग खरवडला, कळीखाली दांडा घातला आणि जोर लावला. चमचा वाकला. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा कळ करकरत फिरली, आतल्या पट्ट्या उघडल्या, आधी आठ वर्षांची धूळ वर आली आणि तिच्यामागून गरम हवा.

तिने वर पाहिलं तर दारात रुही उभी होती, अनवाणी. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. ती जाळीकडे बघत होती.

"ते उघडतं?" रुहीने विचारलं.

वीणाने वाकलेला चमचा मुठीत घट्ट धरला. खोटं बोलायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "उघडत होतं."